चूक दिसते, पण तिचं नाव कळत नाही

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५१, पतसंस्थेत नोकरी. मुलगी पुण्यात शिकते. घरी पती आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाई. फोटो काढायची आवड पूर्वीपासून. गेल्या वर्षी पुतण्या परदेशी जाताना आपला जुना डीएसएलआर कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून गेला, तेव्हापासून रीतसर शिकावं असं मनात आहे. गावातल्या एका स्टुडिओवाल्यांचा तीन महिन्यांचा रविवारचा क्लास आहे, फी १२ हजार. पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा आहे, ती साडेसात हजारांत होते. ऑनलाइन कोर्स हजाराच्या आत मिळतो. स्टुडिओतल्या क्लासच्या मोफत तासाला त्या जाऊन आल्या. बाकी सगळी मुलं विशी-पंचविशीतली होती. ॲपर्चर, आयएसओ, स्टॉप असे शब्द कानावरून गेले, काहीच उमगलं नाही, आणि त्या कुणाशी न बोलता परत आल्या. पती म्हणतात, “मोबाइल आहे, यूट्यूब आहे, मग १२ हजार कशाला? आणि शिकून करणार काय?” ताई लिहितात की हा प्रश्न त्यांनाही पटतो. पत्राच्या मधेच एका ओळीत असंही आहे की २०१९च्या महापुरात घरात पाणी शिरलं आणि लग्नापासूनचे सगळे अल्बम गेले. क्लास लावावा का, लावला तर कुठला, आणि ‘मुळात माझ्याकडे तो डोळाच नसेल तर?’ असं त्यांनी विचारलं आहे. सोबत स्वतः काढलेले काही फोटो पाठवले आहेत.

ताई,

आधी तुमचे फोटो पाहिले आणि मग पत्र पुन्हा वाचलं. म्हणून उत्तरही फोटोंपासूनच सुरू करते.

कृष्णेच्या घाटावर यजमान उभे आहेत. मागे उजाडलेलं आकाश, चकाकणारं पाणी, आणि चेहरा पार काळवंडलेला. खाली तुम्ही लिहिलंय, ‘कॅमेऱ्यात बिघाड असावा.’ बिघाड काही नाही. कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी असा हिशेब धरतो. चौकटीत आकाशच जास्त असलं की त्याच्या लेखी उजेड फार होतो, तो फोटो गडद करतो आणि त्यात माणूस बुडतो. तुमच्या कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं एक बटण आहे. ते दाबून चक्र फिरवा, +१ वर न्या, चेहरा उजळेल. आकाश पांढरं पडेल, ते चालवून घ्यायचं. नाहीतर यजमानांना वळवून उभं करायचं, म्हणजे उजेड तोंडावर येईल. याच कारणानं चौकटभर पांढरं काही असलं, पांढरी भिंत किंवा पांढरं धोतर, तरी ते मळकट येतं. तिथेही उपाय तोच, अधिककडे जायचं.

दुसरा फोटो मार्केट यार्डातला. हळदीच्या ढिगाशी बसून हळकुंडं निवडणाऱ्या दोघी. मला हा तुमचा सर्वांत चांगला फोटो वाटला, कारण त्या दोघी तुमच्याकडे बघून अवघडलेल्या नाहीत. पण पिवळा रंग विटलेला आलाय आणि तुम्ही लिहिलंय की प्रत्यक्षात तो असा नव्हता. खरंच नव्हता. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग सावरायची सोय, ऑटोवर आहे. एकच रंग चौकट भरून राहिला तर कॅमेऱ्याला तो रंग उजेडाचाच वाटतो आणि उतारा म्हणून तो त्यात उलटा रंग मिसळतो. पिवळ्याला उतारा निळा. मेनूत जाऊन व्हाइट बॅलन्स उन्हाच्या किंवा सावलीच्या चिन्हावर पक्का केला की हळद हळदीसारखी येईल.

तिसरा, सासूबाई संध्याकाळी देवापुढे निरांजन ओवाळताना. तो हललाय. मूळ फाइलीसोबत कॅमेऱ्यानं केलेली नोंद असते, तीत दिसतं की तुम्ही लांबून ५५ पर्यंत झूम केलं होतं आणि शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सेकंदाचा दहावा भाग उघडं राहिलं. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला इतका वेळ स्थिर राहवत नाही. साधारण नियम असा की लेन्सवरचा आकडा जेवढा, निदान सेकंदाचा तितकावा भाग तरी शटर हवं. तुमच्या कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, लहान, म्हणून त्याहूनही थोडं वेगवान. ५५ला सेकंदाचा ऐंशीवा भाग धरा. शिवाय कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८ ते ५५च्या लेन्सची एक खोड आहे. झूम केलं की ती आतल्या उजेडाची वाट अरुंद करते. म्हणजे घरात, ट्यूबलाइटखाली, जिथे उजेड आधीच कमी, तिथेच तुम्ही तो आणखी कमी केलात. झूम न करता दोन पावलं पुढे गेला असतात तर फोटो बराच सावरला असता.

आता यूट्यूबबद्दल. यजमान म्हणतात ते खोटं नाही. वर मी जे सांगितलं ते सगळं तिथे फुकट आहे, मराठीतही आहे आणि पुष्कळांनी ते मन लावून केलेलं आहे. माहिती हवी म्हणून क्लासला १२ हजार द्यायचे असतील तर देऊ नका. पण घाटावरचा काळा चेहरा पाहून तुम्ही यूट्यूबवर शोधणार काय होतात? तुम्हाला बिघाड वाटला, म्हणजे तुम्ही कॅमेरा दुरुस्ती शोधली असती. हळदीचा रंग गेला तेव्हा कदाचित स्वस्त लेन्सला दोष दिला असता. नवशिक्याला चूक दिसते, पण तिचं नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय उत्तर शोधता येत नाही. पडद्यावरचा माणूस कितीही चांगलं शिकवत असला तरी तो त्याचे फोटो दाखवतो. तुमच्या फोटोकडे बघून ‘इथे काय झालंय ते पाहा’ असं म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतं. क्लासचे पैसे द्यायचे ते त्याचे.

म्हणून क्लास लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कुठला, हे ठरवण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबायला हवं.

महापुरात अल्बम गेले, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पुढची चार पानं कॅमेरा, फी आणि वय यांवर आहेत. पण तुमचे फोटो पाहिले तर त्यांत सूर्यास्त फारसे नाहीत, पक्षी नाहीत, फुलं एक-दोन. सगळी माणसं आहेत. त्यातही सासूबाई सगळ्यांत जास्त. मी चुकत असेन तर तुम्ही ते बाजूला ठेवा, पण मला असं दिसतं की तुम्हाला ‘फोटोग्राफी’ नावाचा छंद लावून घ्यायचा नाही. जे चेहरे कृष्णेनं नेले त्यांची जागा तुम्हाला भरायची आहे, आणि घरात आज जी माणसं आहेत ती नीट, त्यांच्यासारखी दिसतील अशी टिपून ठेवायची आहेत. हे खरं असेल तर ‘शिकून करणार काय’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापाशी कधीचं आहे. यजमानांना ते एकदा मोकळेपणानं सांगा. ते अल्बम त्यांचेही होते. फी किती यावर वाद घालण्यापेक्षा, कुठला फोटो गेल्याचं त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटतं हे विचारा. मला वाटतं बोलणं त्यानंतर वेगळ्या वळणावर जाईल.

आणि समजा असं काहीच कारण नसतं, नुसतं शिकावंसं वाटतंय एवढंच असतं, तरीही मी लावा म्हणूनच सांगितलं असतं. इतकी वर्षं नोकरी करून, घर चालवून, मुलीचं शिक्षण करून स्वतःच्या पगारातले १२ हजार एका गोष्टीवर खर्च करायला प्रत्येक वेळी उपयोगाचा दाखला का जोडायचा? तुम्ही लिहिलंत, ‘प्रश्न मलाही पटतो.’ तो खरंच पटतो, की फार वेळा ऐकल्यामुळे सवयीचा झालाय, एवढं स्वतःशी तपासून पाहा.

आता क्लास निवडायचा कसा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

ऑनलाइन कोर्स मी बाजूला ठेवते, कारण त्यात तुमचा फोटो कुणी पाहणार नाही. पुण्याची कार्यशाळा चांगली असू शकेल, पण दोन दिवसांत एवढं कानावर पडतं की तिसऱ्या दिवशी हातात थोडंच उरतं, आणि चौथ्या दिवशी अडलं तर विचारायला समोर कुणी नसतं. ज्याला मूळ गोष्टी येतात आणि एखादाच विषय पक्का करायचा आहे, त्याला दोन दिवस पुरतात. नवशिक्यानं आठवड्यातून एकदाचा क्लास घ्यावा. शिकणं दोन रविवारांच्या मधल्या सहा दिवसांत होतं. सोमवारी करून पाहायचं, फसायचं, आणि फसलेलं घेऊन रविवारी जायचं.

उरला गावातला स्टुडिओ. तुमच्या पत्रात थोडी शंका दिसते की लग्नाचे फोटो काढणारा माणूस ‘कला’ काय शिकवणार. ही शंका मी सोडून द्यायला सांगेन. मंगल कार्यालयाच्या भलत्यासलत्या दिव्यांखाली, शंभर माणसं मधे मधे येत असताना, मुहूर्ताच्या एका क्षणी चुकायची मुभा नसलेला माणूस उजेडाबद्दल आणि चेहऱ्यांबद्दल पुष्कळ जाणतो. रडणाऱ्या पोराचा पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला माणसं सैल कशी करायची हेही ठाऊक असतं. तुम्हाला माणसांचेच फोटो काढायचे आहेत. मात्र एक पाहायला हवं. काही स्टुडिओंचे क्लास स्वतःला मदतनीस मिळावेत म्हणून चालतात. तिथे भर असतो तो फ्लॅश लावण्यावर, अल्बमच्या डिझाइनवर, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. रोजगारासाठी येणाऱ्या मुलांना तो उपयोगी आहे, तुम्हाला नाही.

हे कळायचं कसं? फी भरण्याआधी त्यांना भेटा आणि सरळ विचारा. बॅचमध्ये किती जण असतात? दहा-बारांच्या वर असतील तर तुमच्या फोटोंना वाट्याला वेळ येणार नाही. दर तासाला विद्यार्थ्यांचे फोटो लावून बघता का, आणि त्याला किती वेळ देता? माझ्या लेखी हा एक प्रश्न बाकी सगळ्यांहून मोठा. त्याचं उत्तर ‘शेवटच्या तासाला प्रदर्शन ठेवतो’ असं आलं तर दुसरा क्लास बघा. बाहेर किती वेळा नेता? शिक्षकाच्या फोटोंपेक्षा मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांचे फोटो मागा. ते सगळे एकाच साच्यातले दिसले, तेच कोन, तेच भडक रंग, तर समजा की शिक्षक स्वतःसारखे फोटो काढायला शिकवतो. फी दोन हप्त्यांत घेतील का, एखादा रविवार चुकला तर भरून मिळेल का, हेही विचारा. महिनाअखेर आणि मार्चएण्ड तुम्हाला चुकणार नाही. सर्टिफिकेट मिळतं की नाही याचा विचार करू नका. आणि दुसऱ्याच तासाला अमुक लेन्स घ्या, तमुक बॅग घ्या असं कुणी सांगू लागलं तर तीन महिने काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवूनच जा.

त्या मोफत तासाबद्दल थोडं. तुम्हाला काही समजलं नाही, त्याचा दोष तुमच्या बुद्धीला देऊ नका. एका तासात सगळं दाखवायच्या भरात शिकवणारे शब्दांची सरबत्ती करतात. ज्या तीन शब्दांनी तुम्ही दबलात ते तुमच्यासारख्या पतसंस्थेत रोज मेळ घालणाऱ्या बाईला तर इतरांपेक्षा सोपे जायला हवेत. फोटोला लागणारा उजेड तीन खात्यांतून येतो. लेन्समधलं भोक किती मोठं, म्हणजे ॲपर्चर. ते किती वेळ उघडं, म्हणजे शटर. आणि आलेल्या उजेडाला कॅमेरा किती वाढवून घेतो, म्हणजे आयएसओ. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि त्या पायरीलाच स्टॉप म्हणतात. एका खात्यात एक पायरी वाढवली तर दुसऱ्यात एक कमी करायची, की मेळ बसला. ॲपर्चर ५.६, शटर सेकंदाचा १२५वा भाग, आयएसओ २००. आता ॲपर्चर ४ केलं तर उजेड दुप्पट आला. शटर २५०वा भाग करा, बेरीज पुन्हा तीच. ॲपर्चरचे आकडे उलटे का चालतात, लहान आकड्याला भोक मोठं का, हे सगळ्यांनाच अडतं. तो आकडा भागाकाराचा आहे: लेन्सच्या फोकल लेंथला, म्हणजे तिच्यावरच्या १८, ५५ अशा आकड्याला, भोकाच्या रुंदीनं भागलं की येतो. भोक मोठं झालं की भागाकार लहान होणारच. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ एकदा पाठ करून टाका, पुष्कळ धीर येईल.

मेळ तोच राहिला तरी फोटो मात्र बदलतो, आणि खरी मजा तिथे आहे. भोक मोठं केलं की मागचं धूसर होऊन चेहरा उठून दिसतो. शटर वेगवान केलं की हलता हात गोठतो. आयएसओ वाढवला की अंधारातही जमतं, पण फोटोत दाणे येतात. निरांजनाच्या फोटोला मी दाणे पत्करले असते आणि आयएसओ १६०० केला असता. हलक्या दाण्यांनी फोटो वाया जात नाही, हललेला चेहरा मात्र परत आणता येत नाही.

क्लासमध्ये कुणी म्हणेल, सगळं मॅन्युअलवर, म्हणजे स्वतः ठरवून, करता आलं तरच खरी फोटोग्राफी. मला हे पटत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्याच्या माथ्यावरचं चक्र ए (A) किंवा एव्ही (Av) या खुणेवर ठेवा. भोक तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेऱ्याला ठरवू द्यायचं, आणि हातात ते अधिक-उणेचं बटण ठेवायचं. माणसांचे फोटो काढणाऱ्याचं लक्ष माणसावर हवं.

मोबाइलचं काय? यजमानांचं इथेही अर्धं बरोबर आहे. खिडकीशी कसं बसवायचं, कुठून बघायचं, कधी दाबायचं, हे मोबाइलवर तितकंच छान शिकता येतं. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी क्लासला मोबाइल चालेल का एवढं विचारून जावं, पुष्कळ ठिकाणी चालतो. पण बहुतेक मोबाइलमध्ये भोक एकाच मापाचं असतं. मागचं धूसर दिसतं ते मोबाइलनं हिशेब करून काढलेलं असतं, आणि म्हणून कधी गजऱ्याची कड पुसली जाते, कधी मोकळे केस कापल्यासारखे दिसतात. तो अनेक फोटो पटापट काढून त्यांचा एक करून देतो. फोटो चांगला येतो, पण का आला हे कळत नाही. तुमच्या घरात कॅमेरा पडून आहे, तर तो वापरा.

फक्त क्लासला नेण्याआधी तो तपासून घ्या. वर्षभर बहुतेक वेळ बॅगेत, कपाटात होता म्हणताय, त्यात पावसाळा गेला. लेन्स काढून एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरपं बघा. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. थोडी असेल तर फोटोत कळतही नाही, पण ती वाढते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. स्वतः उघडू नका. पुढे कॅमेरा बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या अधूनमधून बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी तर हे पाळायलाच हवं.

‘डोळाच नसेल तर?’ या प्रश्नावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या एका भीतीपायी कितीतरी जण सुरूच करत नाहीत. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३, २०११मध्ये पद्मविभूषण. कॅमेरा त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, पुढे तेच त्यांचे पती झाले. पण त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही शिकल्या. चौकटीत काय कुठे ठेवायचं याची समज कलाशाळेत तयार होते, आणि यंत्र कसं हाताळायचं हे जाणत्याकडून कळतं. इतक्या मोठ्या छायाचित्रकाराचीही दोन्ही शिक्षणं कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली झाली. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापले जात, कारण बाईच्या नावाला तेव्हा वजन नव्हतं. डोळा जन्मतः मिळाला असता तर त्यांना शाळेत जायची गरज पडली नसती.

डोळा तयार होतो तो बघून, आणि दाखवून. तुम्हाला एक सराव सुचवते, क्लास सुरू होण्याआधीच करता येईल. सासूबाईंची परवानगी घ्या. त्यांना नेहमीच्या खुर्चीत खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूनं येईल असं. ट्यूबलाइट बंद करा, कारण दोन प्रकारचा उजेड एकत्र आला की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर दिसते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरू नका, तो सुरकुत्यांसकट चेहरा सपाट करतो. तुम्ही खाली बसा, म्हणजे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येईल. एक फोटो सकाळी, एक दुपारी, एक दिवेलागणीच्या आधी. खुर्ची तीच, माणूस तेच. मग चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरून पुन्हा एक. हे सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. काय बदललं हे तुम्हाला शब्दांत सांगता आलं की डोळा काम करू लागला. आणि महिनाभर झूमचा मोह टाळण्यासाठी लेन्स ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावून टाका. जवळ यायचं तर चालत या.

वयाबद्दल तुम्ही लिहिलंत की ती मुलं हसतील. त्या दिवशी कुणी हसलं का? पत्रात तसं कुठे नाही. तुम्ही कुणाशी बोलला नाहीत, तेही तुमच्याशी बोलले नाहीत, एवढंच घडलं. पुढच्या वेळी शेजारच्या मुलाला विचारा, हे चक्र कुठलं. तो आनंदानं सांगेल. आणि तुमच्याकडे असं काही आहे जे त्यांच्याकडे नाही. मार्केट यार्डातल्या त्या दोघी तुमच्यासमोर अवघडल्या नाहीत. मोठी लेन्स घेऊन उभ्या राहिलेल्या अनोळखी मुलाला त्यांनी तोंडावर पदर घेऊन वाटेला लावलं असतं. स्वयंपाकघरात, ओसरीवर, बाळंतिणीच्या खोलीत तुम्हाला सहज आत घेतलं जातं. फोटोत ते दिसतं. त्या बायकांना फोटोची प्रत मात्र नेऊन द्या, पुढच्या हंगामात त्या स्वतः बोलावतील.

गेलेल्या अल्बमसाठीही करण्यासारखं बरंच आहे. तुमच्या लग्नाचे, बारशाचे फोटो नणंदा, मावश्या, माहेरची माणसं यांच्या अल्बममध्ये असतील. एका सुट्टीत त्यांच्याकडे जा आणि त्या फोटोंचे फोटो काढा. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवायचा, फ्लॅश नाही, कॅमेरा अगदी समांतर धरायचा, चकाकी येत असेल तर फोटो थोडा फिरवायचा. जुने फोटो पानाला चिकटले असतील तर ओढून काढू नका, पानासकट टिपा. शिक्षकांना सांगून ठेवा की मला हेही शिकायचंय. कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याला हे काम चांगलं येतं. नवे-जुने सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक सांगलीबाहेर असू द्या. मुलगी पुण्यात आहेच, एक हार्ड डिस्क तिच्याकडे द्या. वर्षातले निवडक फोटो छापूनही घ्या, आणि मागे हलक्या पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा.

ज्यांच्या गावात क्लासच नाही, किंवा फी खरंच झेपत नाही, अशा वाचकांनी हातावर हात धरून बसायचं कारण नाही. वर जे सांगितलं त्यातलं शिक्षकाचं काम थोडंफार आपसात करता येतं. आवड असलेले तिघं-चौघं जमवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून अंगठे मिळवण्यात वेळ घालवू नका, महिन्यातून एकदा समोरासमोर बसा. प्रत्येकानं पाच फोटो साध्या पोस्टकार्डच्या आकारात छापून आणायचे आणि टेबलावर मांडायचे. फोटो ज्याचा, त्यानं आधी काहीच बोलायचं नाही. बाकीच्यांनी आपल्याला त्यात काय दिसतं, नजर आधी कुठे जाते, काय खटकतं ते सांगायचं, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्यानं सांगायचं की आपल्याला काय टिपायचं होतं.